लांब मान, लहान डोकं

चीनच्या शिनजियांग प्रांतात १९८७ साली चिनी आणि कॅनेडियन शास्त्रज्ञांच्या मोहिमेला एका अवाढव्य डायनासोरची जेमतेम काही हाडं मिळाली. खालचा जबडा, मानेच्या सुरुवातीचे मोजके मणके आणि मानेची एक लांबलचक बरगडी, एवढंच. बाकीचा प्राणी नाहीसा झालेला. मामेन्चीसॉरसच्या या जातीची मान साधारण १५ मीटर लांब असावी, असं २०२३ मध्ये अँड्र्यू मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं. आजवर माहीत असलेल्या प्राण्यांत ही सर्वांत लांब मान ठरते. जिराफाची मान अडीच मीटरच्या आतच भरते.

मूठभर हाडांवरून १५ मीटर कसे काढले? याच भागात राहून गेलेल्या शिनजियांगटायटन नावाच्या नातलगाची मान पहिल्या मणक्यापासून शेवटच्यापर्यंत सापडली आहे आणि ती १३ मीटरहून जास्त आहे. मामेन्चीसॉरसचे मिळालेले मणके या नातलगाच्या त्याच जागच्या मणक्यांशी ताडून पाहिले, प्रमाण काढलं आणि त्यावरून पूर्ण मानेचा अंदाज बांधला. लांब मानेच्या डायनासोरांचं, म्हणजे सॉरोपॉडांचं, बरंचसं ज्ञान असंच गोळा झालं आहे. एका ठिकाणी मणके, दुसरीकडे मांडीचं हाड, तिसरीकडे दात. डोकं तर फार क्वचित मिळतं, कारण ते लहान आणि नाजूक असायचं आणि प्राणी मेल्यावर मानेपासून लवकर सुटायचं.

एवढी मान पेलायची तर डोकं हलकं हवं. डोकं हलकं ठेवायचं तर चावणं सोडायला हवं. न चावलेला पाला पचवायचा तर पोट मोठं हवं, आणि ते पोट वाहून न्यायला चार पाय हवेत. शिवाय लांबलचक श्वासनलिकेतून श्वास घ्यायचा तर साध्या फुप्फुसांवर भागत नाही. हे सगळे बदल काही एका वेळी झाले नाहीत. त्यांतला कोणता आधी झाला आणि कोणता मागाहून, हे जीवाश्मांच्या आधारे आता बरंच लावता येतं. त्या क्रमातले दोन महत्त्वाचे टप्पे आपल्या विदर्भात आणि त्याच्या वेशीवर सापडले आहेत.

मांसाहारी पूर्वज

गोष्ट सुरू होते सुमारे २३ कोटी वर्षांपूर्वी, आजच्या ब्राझीलमध्ये. तिथल्या रिओ ग्रांदे दो सुल राज्यात ब्युरिओलेस्टिस नावाच्या डायनासोरचे सांगाडे मिळाले आणि २०१६ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. हा प्राणी शेपटीसकट दीड मीटर लांबीचा, दोन पायांवर पळणारा. दात मागे वळलेले आणि कडेला करवतीसारखे दाते असलेले, म्हणजे मांस फाडायचे. तरीही हाडांच्या बारीकसारीक खुणा त्याला सॉरोपॉडांच्या घराण्याच्या मुळाशी नेऊन बसवतात. जगातल्या सर्वांत मोठ्या शाकाहारी प्राण्यांचं कूळ अशा छोट्या शिकाऱ्यापासून निघालं.

त्याच राज्यात, सुमारे साडेबावीस कोटी वर्षं जुन्या खडकात, मॅक्रोकॉलमचे तीन सांगाडे एकमेकांजवळ पडलेले मिळाले. लांबी साडेतीन मीटरच्या आसपास. दात आता पानाच्या आकाराचे, पाला ओरबाडायला सोयीचे झालेले. आणि मान शरीराच्या मानाने ठळकपणे लांब. म्हणजे एक कोटीहून कमी वर्षांत आहार बदलला आणि मान वाढली. शरीर मात्र अजून लहानच होतं आणि चालणंही दोन पायांवर होतं. महाकाय देहाला जमिनीपर्यंत किंवा झाडाच्या शेंड्यापर्यंत पोहोचता यावं म्हणून मान लांबली, असं पूर्वी सहज समजलं जायचं. मॅक्रोकॉलमने हा क्रम उलटा करून दाखवला. मान आधी वाढली, देह नंतर.

याच्या पुढची पायरी युरोपातल्या प्लेटिओसॉरसमध्ये दिसते. जर्मनीत १८३७ साली नाव मिळालेला हा प्राणी भरपूर सांगाड्यांमुळे उत्तम माहीत आहे. काही प्राणी आठ मीटरपर्यंत वाढलेले. मानेत दहा मणके. पूर्वी त्याला चार पायांवर चालताना दाखवत. पुढच्या पायांच्या हाडांचा नीट अभ्यास झाल्यावर लक्षात आलं की त्याचा तळवा जमिनीकडे वळतच नसे, दोन्ही तळवे एकमेकांसमोर असायचे. असा हात जमिनीवर टेकून चालता येत नाही. प्लेटिओसॉरसही दोन पायांचाच होता.

चावणं सोडलं

गाय-म्हैस चारा दाढांखाली बारीक करते आणि पुन्हा रवंथ करते. त्यासाठी मोठ्या दाढा, जाड जबडा आणि तो हलवणारे दणकट स्नायू लागतात. हा सगळा भार डोक्यातच साठतो. सॉरोपॉडांनी हा मार्ग घेतला नाही. पाला तोडायचा आणि तसाच गिळायचा, पुढचं काम पोटातल्या जीवाणूंवर सोडायचं. त्यामुळे डोकं लहान राहिलं आणि लहान डोक्यामुळे मानेला लांबायला वाव मिळाला.

दातांच्या आकारावरून हे बरीच वर्षं सांगितलं जात होतं, पण प्रत्यक्ष पोटातला ऐवज हाती आला नव्हता. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये २०१७ मध्ये डायमँटिनासॉरसचा एक सांगाडा खणून काढताना पोटाच्या जागी वनस्पतींच्या तुकड्यांनी भरलेला खडकाचा थर मिळाला. स्टीफन पोरोपॅट आणि सहकाऱ्यांनी २०२५ मध्ये त्याचा अभ्यास मांडला. त्यात सूचिपर्णी झाडांचे भाग होते, बीज-नेच्यांची फळं होती, फुलझाडांची पानं होती. तुकडे तोडल्याच्या खुणा होत्या, चावल्याच्या नव्हत्या. खाण्यात निवड फारशी नव्हती; मान पोहोचेल तिथलं जे मिळेल ते पोटात जात होतं.

असं खाणाऱ्याचे दात झिजतात, म्हणून ते सतत बदलावे लागतात. दाताच्या आत रोज चढणारे सूक्ष्म थर मोजून तो किती दिवसांत बदलत होता हे काढता येतं. डिप्लोडोकसचा दात सुमारे महिनाभरात बदलत असे, कॅमॅरासॉरसचा सुमारे दोन महिन्यांत. आफ्रिकेतल्या नायजरमध्ये सापडलेला नायजरसॉरस तर दोनेक आठवड्यांत दात बदलत होता. त्याचं तोंड रुंद, पुढून सपाट, आणि जबड्यात राखीव दात धरून पाचशेहून अधिक दातांच्या रांगा. जमिनीलगतचा पाला कापत जाणारा प्राणी होता तो.

प्राणहितेच्या खोऱ्यात

वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते आणि सिरोंचाजवळ ती गोदावरीला मिळते. गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंचा तालुक्यात कोटा नावाचं गाव आहे. या गावावरून इथल्या खडकांच्या थरांना ‘कोटा फॉर्मेशन’ म्हणतात आणि जगभरच्या जीवाश्मशास्त्रज्ञांना हे नाव ठाऊक आहे. इथल्या चुनखडीतून माशांचे जीवाश्म १९व्या शतकातच मिळाले होते. खरा धक्का १९६१ साली बसला. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत, म्हणजे आयएसआयमध्ये, प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी ब्रिटिश जीवाश्मशास्त्रज्ञ पामेला रॉबिन्सन यांना बोलावून भूविज्ञानाचा विभाग उभा केला होता. या विभागाच्या मंडळींना गोदावरीच्या खोऱ्यात, आजच्या तेलंगणातल्या पोचमपल्लीजवळ, कोटा थरातच प्रचंड हाडांचा साठा सापडला.

सुमारे ३०० हाडं, निदान सहा प्राण्यांची. हाडांच्या बरोबर दगड झालेले झाडांचे मोठे बुंधेही होते. झाडं आणि जनावरं एकाच पुरात वाहत येऊन एका जागी अडकली असावीत. मांडीचं एक हाड सुमारे १.७ मीटर लांब, म्हणजे चांगल्या उंच माणसाच्या बरोबरीचं. सोहनलाल जैन, टी. एस. कुट्टी, तपन रॉय चौधरी आणि शंकर चटर्जी यांनी १९७५ मध्ये या प्राण्याला बारापासॉरस टागोराय हे नाव दिलं. हाडं सापडली ते रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचं वर्ष होतं. उभा केलेला सांगाडा आज आयएसआयच्या संग्रहालयात आहे.

जुरासिक कालखंडाच्या सुरुवातीच्या काळातले एवढे भरगच्च सॉरोपॉड अवशेष जगात फार थोड्या ठिकाणी मिळतात, आणि बारापासॉरसचं मोल त्यातच आहे. त्याच्या मांडीचं हाड सरळ आहे. प्लेटिओसॉरसच्या घराण्यातल्या प्राण्यांचं वाकलेलं असतं, कारण ते गुडघे वाकवून चालत. सरळ हाड म्हणजे खांबासारखा पाय, खाली नुसतं वजन झेलणारा. पुढचे पायही लांब झालेले, म्हणजे प्राणी कायमचा चार पायांवर आलेला. माकडहाडाकडचे चार मणके कमरेशी एकजीव झालेले, म्हणजे मोठ्या पोटाचा भार घ्यायची तयारी. पाठीच्या मणक्यांच्या बाजूंना खोलगट जागा दिसतात. पुढच्या काळातल्या सॉरोपॉडांत हेच मणके आतून पार पोखरलेले झाले, त्याची ही चाहूल. दात मिळाले, कवटी मिळाली नाही. कोटा थरातच यमनपल्लीला मिळालेल्या आणि पी. यादगिरी यांनी १९८८ मध्ये वर्णन केलेल्या कोटासॉरसमध्ये याहून जुन्या वळणाच्या खुणा आहेत. त्याचा सांगाडा हैदराबादच्या बिर्ला विज्ञान संग्रहालयात पाहता येतो. हे दोघे एकाच खोऱ्यात मिळाल्यामुळे दोन पायांकडून चार पायांकडे झालेला प्रवास जवळून तपासता येतो.

नेमक्या याच सुमाराला जगाच्या हवामानाने कूस बदलली. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी दक्षिण आफ्रिका आणि अंटार्क्टिकाच्या पट्ट्यात लाव्ह्याचे प्रचंड उद्रेक झाले, कार्बन डायऑक्साइड वाढला, तापमान चढलं. अर्जेंटिनात याच्या लगेच नंतरच्या थरांतून बाग्वालिया हा सॉरोपॉड मिळाला आणि २०२० मध्ये त्याचं वर्णन झालं. त्याच खोऱ्यातले वनस्पतींचे जीवाश्म सांगतात की उद्रेकांनंतर मऊ पाल्याच्या विविध वनस्पती घटल्या आणि खवल्यांच्या कडक पानांचे सूचिपर्णी वृक्ष माजले. मोठं पोट, दणकट दात आणि उंच मान असलेल्यांना हा कडक पाला पचला. त्यांच्या घराण्यातल्या लहानसर, जुन्या धाटणीच्या प्राण्यांना तो झेपला नाही आणि ते संपले. सॉरोपॉडांचं राज्य सुरू झालं ते इथून.

हाडांत भरलेली हवा

सस्तन प्राण्यांच्या मानेत, मोजके अपवाद सोडले तर, सातच मणके असतात. जिराफाच्याही सात आणि उंदराच्याही सात. सॉरोपॉडांवर असं बंधन नव्हतं. कॅमॅरासॉरसला १२, डिप्लोडोकसला १५, ओमेईसॉरसला १७, मामेन्चीसॉरसला १८-१९. काही ठिकाणी पाठीचे पुढचे मणके मानेत सामील झाले, काही ठिकाणी नवे मणके वाढले, आणि जवळजवळ सगळीकडे प्रत्येक मणका लांबट होत गेला. वेगवेगळ्या शाखांनी आपापल्या वाटेने मान लांबवली, म्हणून त्यांच्या माना एकसारख्या दिसत नाहीत.

मणका लांबला की वजन वाढणार. त्यावरचा इलाज मणक्याच्या आत दिसतो. सीटी स्कॅन केलेल्या मणक्यांत पातळ भिंतींनी वेगळे केलेले पोकळ कप्पे सापडतात. काहींत ते इतके दाट असतात की आतली रचना मधाच्या पोळ्यासारखी दिसते. सुरुवातीला सांगितलेल्या चिनी मामेन्चीसॉरसच्या मणक्यांचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग हवेने व्यापलेला होता. अशी पोकळ हाडं आज पक्ष्यांमध्ये मिळतात. पक्ष्यांच्या फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या थेट हाडांत शिरतात, आणि सॉरोपॉडांच्या हाडांवरच्या खुणा त्यांच्याशी जुळतात.

या पिशव्यांचा दुसरा उपयोग श्वासासाठी. लांब श्वासनलिकेत दर वेळी वापरलेली हवा अडकून राहते आणि पुढच्या श्वासाबरोबर तीच आत जाते. आपल्यासारखी फुप्फुसं असती तर १५ मीटरच्या नळीत ताजी हवा पोचायला फार कष्ट पडले असते. पक्ष्यांसारख्या पिशव्या एका श्वासात भरपूर हवा ओढतात आणि ती फुप्फुसातून एकाच दिशेने वाहू देतात. ही सोय कधी आली? ब्युरिओलेस्टिसच्या मणक्यांत हवेच्या खुणा नाहीत. मॅक्रोकॉलमच्या मणक्यांत त्या आहेत. म्हणजे मान लांबायला लागली त्याच सुमाराला हाडांत हवा शिरली होती.

वजन आणि श्वास यांच्या अशा विचारातून एक जुना समजही निकालात निघाला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चित्रकार सॉरोपॉडांना तळ्यात बुडवून, फक्त डोकं वर काढलेलं दाखवत. एवढं वजन जमिनीवर पेलणार नाही, अशी समजूत होती. ब्रिटिश शास्त्रज्ञ केनेथ केरमॅक यांनी १९५१ मध्ये दाखवून दिलं की छाती तेवढ्या खोल पाण्यात असेल तर पाण्याच्या दाबामुळे श्वासच घेता येणार नाही. खांबासारखे पाय, हवेने भरलेली पाठ आणि कोरड्या जमिनीवरचे ठसे यांनी त्याला दुजोरा दिला. मान नेहमी कशी धरली जायची, आडवी की उभी, यावर मात्र शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. एक गोष्ट बहुतेकांना मान्य आहे: एका जागी उभं राहून मान फिरवत चरल्यामुळे एवढा मोठा देह हलवायचा खर्च वाचत होता.

अंडी आणि वाढीचा वेग

हत्तीण सुमारे २२ महिने गर्भ वाढवते आणि एका वेळी बहुधा एकच पिल्लू देते. त्याहून दहापट मोठा प्राणी अशा पद्धतीने टिकणं कठीण. सॉरोपॉड अंडी घालत. भारतात सापडलेली त्यांची गोल अंडी साधारण १५ ते २० सेंटीमीटर व्यासाची आहेत, म्हणजे आईच्या मानाने अगदी छोटी. एका घरट्यात अनेक अंडी असत. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातून ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवणारा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला आहे.

पिल्लं अगदी लहान जन्मायची, त्यामुळे धोकाही तेवढाच. गुजरातमधल्या ढोली डुंगरी इथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे यांना एका घरट्यात अंडी आणि इवली हाडं मिळाली होती. ही सगळी पिल्लाचीच हाडं आहेत असं वाटत होतं. जेफ्री विल्सन यांनी २००१ मध्ये ती पाहिली तेव्हा त्यांना त्यात सापाचे मणके ओळखू आले. साडेतीन मीटर लांबीचा साप, फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घातलेला, शेजारी अर्ध्या मीटरचं नुकतं बाहेर पडलेलं पिल्लू. वाळूच्या गाळाने तिघांनाही त्याच अवस्थेत झाकून टाकलं. सनाजे इंडिकस या नावाने हा साप २०१० मध्ये जगापुढे आला.

अर्ध्या मीटरच्या पिल्लापासून काही दशकांत अनेक टनांचा प्राणी कसा व्हायचा, याचं उत्तर हाडाच्या पातळ कापात मिळतं. सूक्ष्मदर्शकाखाली या हाडांत रक्तवाहिन्यांचं दाट जाळं दिसतं. अशी रचना झपाट्याने वाढणाऱ्या हाडातच तयार होते. पॅटागोटायटनसारखे प्राणी, ज्यांच्या मांडीचं हाड २.३८ मीटर भरतं, ते या वेगाशिवाय शक्यच झाले नसते.

वरोऱ्याजवळचे शेवटचे सॉरोपॉड

आता बारापासॉरसच्या काळापासून १० कोटींहून जास्त वर्षं पुढे येऊ. खंड फुटून वेगळे झाले आहेत, भारत समुद्रातून उत्तरेकडे सरकतो आहे आणि दख्खनच्या ज्वालामुखींचा काळ जवळ आला आहे. या काळातल्या नद्या-तळ्यांच्या गाळाचे खडक, म्हणजे लमेटा थर, आपल्या काळ्या पाषाणाच्या खाली मिळतात. जबलपूरला १८२८ साली विल्यम स्लीमन यांना याच थरात हाडं मिळाली होती. ‘डायनासोर’ हा शब्दही तेव्हा जन्माला आला नव्हता.

चंद्रपूर जिल्ह्याच्या वरोरा तालुक्यात पिसदुरा आणि डोंगरगाव ही दोन ठिकाणं या थरांसाठी प्रसिद्ध आहेत. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी १९व्या शतकाच्या मध्याला या भागातले जीवाश्म जमवले. डोंगरगावच्या टेकडीतून आयएसआयच्या सोहनलाल जैन यांना एकाच प्राण्याची एकमेकांजवळची बरीच हाडं मिळाली. मान, पाठ, कंबर आणि शेपटीचे मणके, खांद्याचं आणि पुढच्या पायाचं हाड. जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि २००३ पासून तो आयएसआयवरूनच ठेवलेल्या इसिसॉरस या नावाने ओळखला जातो. त्याच्या दंडाचं हाड जवळजवळ दीड मीटरचं आहे. पुढचे पाय लांब आणि मान मात्र सॉरोपॉडांच्या मानाने आखूड, जाडजूड. अर्जेंटिनातला ब्रॅकिट्रॅकेलोपॅन तर पाठीपेक्षाही आखूड मान घेऊन जगला. मान लांबच होत जाणार, असा काही नियम नव्हता. ज्या परिसरात जे अन्न जिथे मिळालं, त्याप्रमाणे ती घडली.

इसिसॉरसच्या काळातले प्राणी खात काय होते? पिसदुऱ्याच्या शेतांत गोलसर, करड्या दगडांसारखे गोळे मिळतात. ते शेणाचे जीवाश्म आहेत. वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा गोळ्यांचे नमुने आम्लात विरघळवून उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. वनस्पती मातीतली सिलिका शोषून पेशींत तिचे सूक्ष्म कण तयार करतात आणि अनेक कुळांच्या कणांचा आकार निराळा असतो. पिसदुऱ्याच्या नमुन्यांत सूचिपर्णी, ताड आणि इतर झाडांच्या कणांबरोबर गवताचे कण होते, तेही एकाहून अधिक प्रकारच्या गवतांचे. हा निष्कर्ष २००५ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. डायनासोर संपल्यावरच गवतांमध्ये विविधता आली, असं तोवर मानलं जायचं. वरोऱ्याच्या शेणगोळ्यांनी ते मत बदलायला लावलं.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी सॉरोपॉड संपले. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर आदळलेली उल्का आणि दख्खनचे उद्रेक या दोन्ही घटना त्याच काळातल्या.

इसिसॉरसची पूर्ण कवटी अजून मिळालेली नाही. ती कदाचित वरोरा तालुक्यातच एखाद्या नाल्याच्या काठाला असेल. बारापासॉरसची कवटी प्राणहिता-गोदावरीच्या कुठल्याशा थरात असेल. असे अवशेष नांगरणीत, खडी-मुरमाच्या उत्खननात आणि हौशी संग्राहकांच्या पिशव्यांत सहज नाहीसे होतात. जागेवरून उचललेल्या हाडाचा थर कळत नाही, आणि थर कळला नाही की कोणता बदल आधी झाला आणि कोणता नंतर, हे सांगायचा आधारच जातो. या लेखातला सगळा क्रम केवळ या आधारावर उभा आहे. सिरोंचा तालुक्यात वडधमला जीवाश्म उद्यान झालं आहे, ते जपायला हवं, आणि पिसदुरा-डोंगरगावलाही असंच संरक्षण हवं. शेतात हाडासारखा दगड किंवा टरफल असलेला, अंड्यासारखा गोल दगड दिसला तर तो हलवू नका. त्याचा फोटो घ्या, जागा नोंदवा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला कळवा. पुढचा निर्णायक मणका कुणा विद्यापीठाच्या मोहिमेला मिळेल, तसाच तो विदर्भातल्या एखाद्या शेतकऱ्यालाही मिळू शकतो.